मिरीचा घसा बसला तेव्हा

शाळेच्या मैदानावर रिले शर्यत होती आणि शेवटच्या टप्प्यात मिरीची मैत्रीण भोंगा धावत होती. मिरी तारेच्या कुंपणाला लटकून अशी काही ओरडली की भोंगा पहिली आली आणि मिरीचा घसा बसला. नुसता बसला नाही, पार आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर आतून फक्त हवा आली.

घशाच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात लांब दांड्याचा आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली. "आता एक शब्दसुद्धा बोलायचं नाही. मी पुन्हा तपासेपर्यंत अगदी गप्प. कुजबुजायचंही नाही, त्यानं तर घशाची आणखी वाट लागते."

डॉक्टरांना वाटलं, आता ही पोर रडणार. या वयाच्या मुलींना गप्प बसायला सांगितलं की त्यांचे चेहरे कसे होतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण मिरी अशी खुलली, जणू शाळेला अचानक सुट्टी लागली होती.

तिला सुट्टीच मिळाली होती, फक्त शाळेची नाही. परीक्षेनंतरच्या मोठ्या सुट्टीपासून तिचे आई-बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. बरं, वेगवेगळ्या ठिकाणी कामाला असते तरी एक वेळ निभावलं असतं. पण दोघांचा धंदा एकच, तोही घराखालीच: सोफे आणि खुर्च्या बनवायचा. पुढच्या खोलीत बाबा लाकडी सांगाडे ठोकायचे, स्प्रिंगा बसवायचे, पट्टे ताणायचे. मागच्या खोलीत आई मशीनवर कव्हरं शिवायची. मधल्या बोळात फोमच्या गुंडाळ्या रचून ठेवलेल्या असत, आणि त्यांच्यात जागा करून मिरी अभ्यासाला बसायची. म्हणजे अभ्यास करायचा असं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात तिचं काम टपालाचं.

"मिरे, तुझ्या आईला सांग, सोफ्याच्या हाताच्या कव्हराला दोन बोटं जास्त सोड."

"मिरे, तुझ्या बाबांना सांग, मला मापं घेता येतात."

"मिरे, तुझ्या आईला सांग, येतात तर मग मागच्या खुर्चीला काय झालं होतं."

अशी मिरी दिवसभर बोळातून इकडून तिकडे. भांडण कशावरून झालं, ते तिला कोणी सांगत नव्हतं. आईला विचारलं की आई म्हणायची, "काही नाही." बाबांना विचारलं की बाबाही म्हणायचे, "काही नाही." निदान एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

त्यामुळे त्या दिवशी बाबांनी नेहमीप्रमाणे "मिरे, तुझ्या आईला..." अशी सुरुवात केली, तेव्हा मिरीनं शांतपणे गळ्याकडे बोट दाखवलं आणि पुस्तकात डोकं घातलं. बाबा हातोडी घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी एका कागदावर काहीतरी खरडून तो बोळातून पुढे सरकवला. पण बाबांचं अक्षर असं की लिहून तास झाला की त्यांनाही लागत नसे. आईनं कागद उभा धरला, आडवा धरला आणि त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या मशीनच्या पायाखाली सारली.

दुपारनंतर भोंगा आली.

भोंगा म्हणजे मिरीची जिवाभावाची मैत्रीण. नाव का पडलं ते सांगायला नको. गल्लीच्या टोकाला ती हसली तर इकडे कुत्री उठून बसत. तिच्या घरी माणसं उदंड, खोल्या मोजक्या, आणि साधा टॉवेल मागायचा तरी ओरडूनच मागायला लागायचा. मिरी शाळेत आली नाही म्हणून ती वह्या घेऊन आली होती. फोमच्या गुंडाळीवर बसकण मारून तिनं शर्यतीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली, तोच बाबांनी दारातून डोकं काढलं.

"बाळ, तुझा आवाज चांगला आहे. जरा आमच्या हिच्या आईला सांगतेस का, मखमल कापून ठेवलीय म्हणून?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीसाठी निळ्या मखमलीचा मोठा सोफा सांगितला होता, त्याचं काम चाललं होतं. भोंगा आनंदानं उठली. कुणाच्या तरी उपयोगी पडायला तिला फार आवडायचं. ती मागच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, "काकू, काका म्हणतात, मखमल कापून ठेवलीय."

आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "त्यांना म्हणावं, कापलीत तर आणून द्यायला पाय नाहीत का?"

भोंगा परत आली आणि तो निरोप जशाच्या तशा सुरात, वर स्वतःच्या आवाजाची भर घालून बाबांना दिला. तिच्या तोंडून ते ऐकताना बाबांच्या हातातला खिळा खाली पडला. एरवी मिरी असले निरोप हळू आवाजात, भिंतीकडे बघत द्यायची. भोंगाला ते जमण्यासारखं नव्हतं. असे दोन-तीन निरोप गेले-आले, आणि दोन्ही खोल्यांत अशी शांतता पसरली की भोंगा मिरीच्या शेजारी येऊन अंग चोरून बसली.

"असंच असतं रोज?" तिनं विचारलं. तिला शक्य होतं तेवढ्या हळू.

मिरीनं मान डोलावली.

"आमच्याकडे भांडी आदळतात," भोंगा म्हणाली. "पण ती ऐकू तरी येतात."

पुढचा निरोप बाबांचा होता: गोट सरळ शिव म्हणावं, मागच्यासारखा नागमोडी नको. भोंगा मागच्या खोलीत गेली. गोट म्हणजे काठाला शिवायची ती जाड दोरीसारखी कड, एवढं तिला मिरीकडून ठाऊक होतं. दाराशी ती क्षणभर थांबली. आणि मग म्हणाली, "काकू, काका म्हणतात, तुम्ही मागच्या वेळी गोट शिवलात ना, तसा कोणाला येत नाही."

बोळात मिरीच्या हातातली पेन्सिल थांबली.

मागच्या खोलीत मशीनही थांबलं. "असं म्हणाले ते?"

"हो," भोंगा म्हणाली. शब्दांकडे पाहिलं तर ते अगदीच खोटं नव्हतं.

थोड्या वेळानं आईनं चहा टाकला आणि भोंगाकरवी एक कप पुढच्या खोलीत धाडला. कपाबरोबर निरोप होता, "थंड झाला तर मला बोलायचं नाही." तो बाबांपर्यंत पोचेतो "गरम आहे तोवर घ्या, दमला असाल" असा झाला होता. बाबांनी कपाकडे असं पाहिलं, जणू त्यात काही पडलंय की काय. मग ते स्टुलावर बसले आणि तो चहा त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

त्यानंतर भोंगा रोज येऊ लागली. मिरी बोळात बसून दोन्ही बाजू ऐकायची: इकडून निघालेला निरोप आणि तिकडे पोचलेला. इकडून "ढिला" निघायचं, तिकडे "मऊ" पोचायचं. इकडून "किती वेळ लावतेय" निघायचं, तिकडे "किती मन लावून करतेय" व्हायचं. पहिल्या दिवशी मिरीला उशीत तोंड खुपसून हसावं लागलं, घशातून आवाज निघू नये म्हणून. बाबा काम करताना शीळ घालायला लागले. आईनं केसांची तऱ्हा बदलली. जेवताना एकदा तर बाबांनी भांडं थेट आईच्या ताटाकडे सरकवलं, मध्ये मिरी असताना.

पण हसता हसता मिरी मध्येच थांबायची. मोडक्या सांगाड्यावर नुसतं नवं कापड चढवलं तर काय होतं, हे सोफेवाल्याच्या मुलीला शिकवावं लागत नाही. माणूस बसला की कळतंच.

आणि मग भोंगानं कळस केला. आईनं नुसतं विचारलं होतं, "आणखी काही म्हणाले का ते?" त्यावर भोंगा म्हणाली, "म्हणाले, चुकलं माझं."

आईच्या हातातली कात्री अलगद टेबलावर टेकली. ती खिडकीकडे वळली आणि तिनं पदरानं डोळे टिपले. मिरीनं ते फोमच्या फटीतून पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं भोंगाला मनगटाला धरून जिन्यावरून वर घराच्या खोलीत ओढत नेलं.

तिथं जे भांडण झालं, तसं कुणी पाहिलं नसेल. एकीला बोलायची बंदी, आणि दुसरीला हळू बोलता येत नाही. मिरीनं खालच्या मजल्याकडे बोट दाखवलं, जीभ दाखवली, हातांची फुली केली, स्वतःच्या कपाळावर चापट मारून घेतली. भोंगाला सगळं कळलं.

"मी खोटं बोलले, माहितीय मला," ती म्हणाली. "पण काकू हसतात तरी. तू इतके दिवस खरे निरोप नेलेस ना? काय झालं त्यानं?"

मिरीचे हात हवेतच राहिले. मग ती भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवी झाली. भोंगा काही वेळ दारात उभी राहिली, आणि मग पाय आपटत खाली गेली.

खाली बाबा तिचीच वाट बघत होते. त्यांनी पाठीच्या बाजूची मखमल कापून आईकडे दिली होती आणि आता त्यांच्या लक्षात आलं होतं की त्यावर लवेची दिशा दाखवायला खडूनं काढलेले बाण उलटे पडलेत. "बाळ, पटकन सांग तिला. पाठीच्या तुकड्यांवरचे बाण बघू नको, ते उलटे आहेत. लव बघून शिव. नाहीतर बसेल आपली डोळे झाकून शिवत."

भोंगाचे डोळे भरलेले होते, कानात स्वतःचंच भांडण घुमत होतं. बाण कसले, उलटे कसले आणि हे लव कसलं, तिला काही नीट उमगलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं की काका पुन्हा काकूंना बोलतायत. ती मागच्या खोलीत गेली, नाक ओढलं आणि म्हणाली, "काकू, काका म्हणतात, तुम्ही डोळे झाकून शिवलंत तरी छानच होतं."

आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मिरी सकाळी खाली आली, तेव्हा सोफा पूर्ण तयार होता; आदल्या संध्याकाळीच बाबांनी कव्हर चढवून खिळे ठोकले होते. डॉक्टरीणबाई बघायला येणार म्हणून ते आता तो ढकलत दाराशी, उजेडात आणत होते. भोंगाही आली होती. रात्रभर तिला बरं वाटलं नव्हतं, म्हणून ती समजूत काढायला आली होती, पण सुरुवात कशी करावी ते कळत नव्हतं. म्हणून ती सोफ्याचं एक टोक धरून ढकलू लागली. मिरीनं दुसरं टोक धरलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

सोफा उजेडात आला आणि सगळे थबकले.

बैठक फिकट निळी दिसत होती आणि पाठ गडद, जवळजवळ काळी. एकाच ताग्यातलं कापड, पण मखमलीवरची ती बारीक केसाळ लव बैठकीवर एका दिशेला झोपली होती आणि पाठीवर बरोबर उलट. जणू दोन वेगवेगळ्या सोफ्यांचे तुकडे कोणी अंधारात जोडले होते.

डॉक्टरीणबाई नेमक्या तेव्हाच आत आल्या. त्यांनी चष्मा सारखा केला. "मी दोन रंगांचा सांगितला होता का?"

"अगं, मी निरोप दिला होता," बाबा म्हणाले. आणि कितीतरी दिवसांनी ते हे थेट आईकडे बघून म्हणाले. "बाण उलटे आहेत, लव बघून शिव म्हणून."

"मला असा काही निरोप आला नाही," आईही थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मी डोळे झाकून शिवलं तरी छान होतं."

"मी? मी असं कशाला म्हणेन?"

"मग गोटाबद्दल म्हणालात ते? आणि..." आईचा आवाज अडखळला. "आणि चुकलं म्हणालात, ते?"

हळूहळू सगळ्यांच्या नजरा भोंगाकडे वळल्या. भोंगा भिंतीला चिकटली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"तू मनानं सांगत होतीस?" बाबांनी विचारलं. ते ओरडले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा, तिला काही बोलू नका."

आवाज कुठून आला ते आधी कोणाला कळेना. तो बिघडलेल्या बिजागरीसारखा होता. मिरी पुढे झाली आणि भोंगाच्या शेजारी उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी ऐकत होते सगळं. मी लिहून सांगू शकले असते, पण मला बरं वाटत होतं ते. आणि घसा बरा झाला तरी मी आता निरोप नेणार नाही. तुम्हा दोघांच्या मध्ये एक बोळ आहे फक्त."

"मिरे, घसा," आई म्हणाली.

मिरीनं तोंड मिटलं. मग भोंगाला कंठ फुटला. "काका, मला खरंच कळलं नाही. तुम्ही लव म्हणालात. मला वाटलं लव म्हणजे ते, पिक्चरमधलं, लव्ह. उलटं झालंय म्हणालात, तर मी..." पुढे तिला सांगता येईना.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्या गडद-फिकट सोफ्यावर मटकन बसल्या आणि खूप वेळ हसल्या. शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत एका रंगाचा करून द्या म्हणजे झालं. बसायला मात्र सुरेख आहे हो." आणि त्या गेल्या.

त्या गेल्यावर आईनं उसवायची सुरी उचलली. तिला बघून बाबांनी खिळे उपटायची पक्कड घेतली. दोघं सोफ्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसले. मुलींना कोणी जा म्हटलं नाही, म्हणून त्याही बसल्या.

"कशाबद्दल चुकलं म्हणायला हवं होतं मी?" थोड्या वेळानं बाबांनी विचारलं.

"ते तुम्हाला आठवत नाही, यातच आलं सगळं."

"नाही आठवत. खरंच. सांग तरी."

आईनं दोन टाके उसवले. "ते हॉटेलवाले आले होते. शिलाई कोणाची म्हणून विचारलं त्यांनी. तुम्ही म्हणालात, ही काय, फक्त शिवते. खरं काम सांगाड्याचं."

बाबांना ते आठवत नव्हतं, पण असं आपण म्हणू शकतो, हे त्यांना आतून माहीत असावं. त्यांनी आपल्या उघड्या पडलेल्या सांगाड्याकडे पाहिलं. पट्टे, स्प्रिंगा, गोणपाट. कव्हर निघालं की जगातला सगळ्यात उत्तम सोफासुद्धा अडगळीतलं सामान दिसतो.

"मूर्खासारखं बोललो," ते म्हणाले. "आणि तुझ्या लक्षात आलं नाही का, उलटी लव? तुझ्या हाताला कळतं एरवी."

"काल लक्ष नव्हतं माझं," आई म्हणाली. "उगाच खुशीत होते." मग तिनं भुवई वर केली. "आणि तुम्ही? ठोकताना दिसलं नाही तुम्हाला?"

"मीही," बाबा पुटपुटले. "तू म्हणालीस ना, असा सांगाडा तुम्हीच करावा."

आईनं भोंगाकडे पाहिलं. भोंगानं मान आणखी खाली घातली. "ते मी म्हणाले नव्हते," आई म्हणाली, आणि थोडं थांबून, "पण बरा झालाय सांगाडा."

सगळं तेवढ्यावर मिटलं, असं नाही. आईनं त्या दुपारी सांगूनच टाकलं की तिला शिवणशाळेत शिकवायला बोलावलंय आणि ती रोज सकाळी जाणार आहे. बाबा म्हणाले, मग इथलं काम कोण करणार. आई म्हणाली, दुपारी मी, आणि सकाळी तुम्ही गोट शिवायला शिका. त्यावर जो वाद पेटला, तो उसवून होईस्तोवर, नवे तुकडे कापून होईस्तोवर, पार मशीन सुरू होईस्तोवर चालला. आवाज चढले, एकदा हातोडीही आदळली. मिरी आणि भोंगा धाग्यांचे तुकडे वेचत बसल्या होत्या. मध्येच भोंगानं कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "आता कसं घर वाटतंय." मिरीनं तिच्या केसांत निळ्या धाग्यांचा गुंता कोंबला. त्यांचं भांडण तिथं संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोफा टेम्पोत चढवला. बाबा चालवायला बसले, आई त्यांच्या शेजारी. सोफा धरायला कोणीतरी मागे हवंच होतं, म्हणून मुली मागे चढल्या आणि धरायच्या ऐवजी त्यावर ऐसपैस बसल्या. टेम्पो रस्त्याला लागला. दुकानं, सायकली, माणसं मागे सरकू लागली, आणि पदपथावरचे लोक निळ्या मखमलीवर पाय पसरून निघालेल्या त्या दोघींकडे वळून बघू लागले. भोंगानं सगळ्यांना हात हलवून दाखवला.

पुढे केबिनमध्ये आई म्हणत होती की डावीकडून जवळ पडतं, आणि बाबा म्हणत होते की तिकडे रस्ता खणून ठेवलाय. टेम्पो डावीकडे वळला. रस्ता खरंच खणलेला होता. मग दोघं मिळून, एकाच वेळी, खणणाऱ्यांना नावं ठेवू लागले, आणि टेम्पो हळूहळू मागे येऊ लागला. भोंगा सोफ्यावर उभी राहून मागचा रस्ता बघत "येऊ दे, येऊ दे, आणखी येऊ दे" असं ओरडत होती. सगळी गल्ली दणाणली, आणि मिरी तिचा फ्रॉक घट्ट धरून बसली.